सुप्याचं माळरान: मयूरेश्वर अभयारण्य, चिंकारा आणि मेंढरांच्या वाटा

माळवाट

पाऊस सुरू झाला की अख्खं पुणे पश्चिमेला तोंड करतं. ताम्हिणी, मुळशी, लोणावळा, भीमाशंकर. शनिवारी सकाळी चांदणी चौकात गाड्यांची रांग लागते. दिवे घाट चढून पूर्वेला मात्र जेजुरी-मोरगावच्या दर्शनाखेरीज फारसं कुणी जात नाही. का, तर तिकडं बघण्यासारखं काय आहे, नुसतं माळरान. मला त्याच माळरानाबद्दल लिहायचंय. त्या भागातल्या मंडळींनी यात भर घालावी अशी फार इच्छा आहे.

मयूरेश्वर अभयारण्य बारामती तालुक्यात सुप्याजवळ आहे. १९९७ साली जाहीर झालं. क्षेत्रफळ पाच चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे राज्यातल्या सगळ्यात छोट्या अभयारण्यांमध्ये त्याची गणना होते. राखलंय ते मुख्यतः चिंकाऱ्यासाठी. पुण्याहून हडपसर, दिवे घाट, सासवड, जेजुरी, मोरगाव, सुपे असा रस्ता धरला तर साधारण ७५-८० किलोमीटर पडतं. दुसरी वाट सोलापूर रस्त्यानं चौफुल्यापर्यंत आणि तिथून उजवीकडं. मी जाताना जेजुरीमार्गे जाते आणि येताना चौफुल्याकडून, म्हणजे भुलेश्वर वाटेत घेता येतं.

आत गेल्यावर काय दिसतं? पहिल्यांदा काहीच दिसत नाही. वर-खाली होत गेलेली बुटकी टेकाडं, गुडघ्याएवढं गवत, मधूनच एखादी हिवर नाहीतर बाभळ, तरवडाची पिवळी झुडपं. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा पट्टा, वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. माती पातळ, खाली मुरूम. इथं घनदाट जंगल पूर्वी होतं आणि कुणी तोडलं असं नाही. या पावसाला, या मातीला गवतच शोभतं. जंगल बघायची सवय झालेल्या डोळ्यांना हे कळायला वेळ लागतो. म्हणून माझी पहिली विनंती अशी की गाडीतून गरकन फेरी मारून परत फिरू नका. सावली बघून एका जागी बसा. अर्ध्या तासानं माळ हलायला लागतो.

चिंकारा आधी शेपटीमुळे दिसतो. अंगाचा रंग वाळल्या गवताचा, पण काळी शेपटी सारखी हलत असते. उंची खांद्यापाशी जेमतेम दोन फुटांच्या वर. नर-मादी दोघांनाही शिंगं असतात, मादीची बारीक आणि आखूड. शंका आली की पाय आपटतो आणि शिंकल्यासारखा आवाज काढतो. हा आवाज ऐकू आला तर समजावं की आपण जास्त जवळ गेलोय आणि थांबावं. पाणी नसलं तरी पाल्यातल्या ओलाव्यावर तो बरेच दिवस काढतो.

पक्ष्यांचं लिहीन सवडीनं. पण जमिनीकडं लक्ष ठेवा एवढं आत्ताच सांगते. धाविक, माळटिटवी, चंडोल यांची अंडी उघड्यावर, खड्यांमध्ये, खड्यांसारखीच दिसणारी असतात. ठरलेल्या कच्च्या रस्त्यावरून गाडी जरा खाली उतरवली तर काय चिरडलं ते कळणारही नाही.

आणि या माळावर माणसं आहेत, त्यांचे देव आहेत. त्यांना वगळून हा माळ बघितला तर अर्धाच बघितला. त्यावर इथल्या जाणकारांनी लिहावं.

शिवडी_ते_शिवणे

छान लिहिलंय माळवाटताई. जायला योग्य काळ कोणता? आणि आत जीपगाडी मिळते का?

माळवाट

काळ तुम्हाला काय बघायचंय त्यावर. ऑगस्ट-सप्टेंबरात माळ हिरवा असतो, बारीक बारीक रानफुलं असतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गवत पिकून सोनेरी होतं, मला हा काळ सगळ्यात आवडतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाहुणे पक्षी. उन्हाळ्यात गवत बसलेलं असतं त्यामुळे प्राणी लांबून दिसतात, पाणवठ्यावर येतात, पण सकाळी नऊनंतर ऊन सोसत नाही.

मयूरेश्वरला आपली गाडी आणि सोबत स्थानिक माणूस हेच उत्तम. आधी वनकर्मचाऱ्यांकडं नोंद करा, ते सांगतील तेवढ्याच वाटा वापरा. रीतसर सफारी हवी असेल तर पुणे वनविभागानं गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली आहे, इंदापूर तालुक्यात कडबनवाडीला आणि बारामती तालुक्यात शिर्सुफळला. नोंदणी ऑनलाइन होते, बरोबर गावातलाच गाइड येतो. लांडगा बघायची इच्छा असलेल्यांनी तिकडं जावं.

भोवत्या

पक्ष्यांचं मी लिहू का? राहवत नाही.

हिवाळ्यात या माळावर भोवत्या येतात. लांब पंखांचे शिकारी पक्षी, गवताच्या शेंड्यांवरून अगदी खालून, डुलत डुलत उडतात. मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशातून इथवर येतात. दिवसभर टोळ, उंदीर, छोटे पक्षी धरतात आणि संध्याकाळी झाडावर जात नाहीत, गवतातच जमिनीवर उतरून रात्र काढतात. तेही एकेकटे नाही, पुष्कळजण एकाच पट्ट्यात. सूर्य मावळताना चारी दिशांनी एकेक करत ते येतात आणि काही वेळ वर घिरट्या घालून खाली बसतात. हे बघणं म्हणजे मला या माळावरचं सगळ्यात मोठं सुख वाटतं. तो गवताचा पट्टा जळला, नांगरला किंवा त्यात झाडं लावली की त्यांची झोपायची जागाच गेली.

धाविक हा माझा दुसरा लाडका. विटकरी पोट, डोळ्यावरून काळी-पांढरी पट्टी, पांढुरके लांब पाय. तुरुतुरु धावतो, एकदम ताठ उभा राहतो, चोच मारतो, पुन्हा धावतो. त्याला उंच गवत चालत नाही. उघडी, चरलेली, खडे असलेली जमीन लागते. भोवत्याला उंच गवत लागतं, धाविकाला आखूड. म्हणून माळावर दोन्ही हवं, सगळीकडं एकसारखं नको.

पखुर्ड्या सकाळी थव्याथव्यानं पाण्यावर येतात. पखुर्डीचा नर पोटाची पिसं पाण्यात भिजवून घेतो आणि लांबवर असलेल्या पिलांना तेवढंच पाणी नेऊन पाजतो. शिवाय कापशी, तीसा, खाटीक, चितूर, आणि अंधार पडता पडता रस्त्यावर बसलेला रातवा. रातव्यासाठी तरी परतताना गाडी सावकाश चालवा, दिव्यानं डोळे दिपून तो जागचा उठत नाही.

दुर्बीण ८ × ४२ पुरते. अंगावर भडक रंग नकोत, बाकी काही लागत नाही.

हिरवळ_हवी

चर्चा वाचून एक विचारते. आमच्या सोसायटीचा एक गट दरवर्षी वृक्षारोपण करतो. टेकड्यांवर आता जागा उरली नाही. सुपे-मोरगाव भागात एवढी उघडी-बोडकी जमीन पडून आहे, तिथं पाचशे झाडं लावली तर सावली होईल, प्राण्यांनाही आसरा होईल. वनखात्याकडं अर्ज करायचा विचार चालू आहे. कुणाचा अनुभव?

काळीमाती

ताई, तुमच्या मनातली कळकळ समजते, पण कृपा करून माळावर झाडं लावू नका. मी वनस्पतिशास्त्र शिकवतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

तुम्हाला जमीन पडून आहे असं वाटतं त्याला कारण आहे. सरकारी नोंदींतसुद्धा असा माळ वर्षानुवर्षं पडीक म्हणूनच मोजला गेला. पडीक म्हटलं की काहीतरी करून दाखवायची घाई होते, मग चर खणा, रोपं लावा. पुणे जिल्ह्यात माळांवर अशीच ओळीनं गिरिपुष्प लावली गेली. ते मूळचं मध्य अमेरिकेतलं झाड. भराभर वाढतं, जनावरं सहसा तोंड लावत नाहीत, आणि त्याच्या दाट सावलीखाली आपलं गवत येत नाही. गवत गेलं की टोळ गेले, उंदीर गेले, त्यांच्यावर जगणारे भोवत्या आणि खोकड गेले. चिंकाऱ्याचा सगळा बचाव नजरेवर आणि पळण्यावर आहे. त्याला लांबवर दिसायला हवं. तुम्ही ज्याला आसरा म्हणताय तो त्याच्या दृष्टीनं धोका आहे, कारण आड लपून येणाऱ्याला तिथं सोय होते.

गवताची ताकद जमिनीखाली असते. वरती हातभर दिसणाऱ्या गवताची मुळं दाट जाळं करून माती धरून ठेवतात, पाणी मुरवतात, आणि कार्बनही तिथंच मातीत साठतो. वणवा लागला तरी तो खालचा साठा बराचसा शाबूत राहतो. झाडात साठलेला जळून जातो.

कुसळी गवताचं एक सांगतो, मुलांना दाखवण्यासारखं आहे. कुसळाला, म्हणजे त्याच्या बीला, जी लांब शेपटी असते ती कोरडी असताना पिळलेली असते. दव पडलं, पाऊस झाला की ती ओली होऊन उलगडते, वाळली की पुन्हा पिळते. असं फिरत फिरत बी स्वतःला जमिनीत गाडून घेतं. टोकावरचे केस मागं वळलेले, त्यामुळे आत शिरलेलं बी बाहेर येत नाही. तळहातावर कुसळ ठेवून पाण्याचा एक थेंब टाका, डोळ्यांसमोर फिरायला लागतं.

एवढी युक्ती हजारो वर्षं शिकलेलं गवत आपण पाचशे खड्डे खणून उखडायचं, हे मला खरंच बघवत नाही.

हिरवळ_हवी

सर, गिरिपुष्पाचं पटलं. पण आम्ही देशी झाडं लावणार होतो. हिवर, बोर, बाभूळ तर तिथलीच ना? आणि उन्हाळ्यात गुराख्यांना सावली नको का?

काळीमाती

तिथलीच आहेत, बरोबर. पण विरळ. एखाद्या टेकाडावर दोन, ओढ्याकाठी दहा. त्यांची दाटी माळाला सोसत नाही. लावायचीच असतील तर गावठाणात, शाळेच्या आवारात, रस्त्याच्या कडेला, ओढ्याच्या काठानं लावा, आणि ग्रामपंचायतीला विचारून लावा, कारण पुढं पाणी घालणारे तेच आहेत. कडुनिंब, चिंच, करंज अशी सावलीची झाडं वाड्यावस्त्यांना हवीच असतात. माळ मात्र सोडा.

हिरवळ_हवी

गटात हे वाचून दाखवते. गावच्या शाळांचा पर्याय आवडला. खड्डे खणायला येणारे सगळे येतील की नाही ते बघू.

कऱ्हाकाठ

मी मोरगावकडचा. थोडं देवाधर्माचं लिहितो, कारण बाहेरून आलेले अभयारण्य वेगळं आणि देवस्थान वेगळं धरतात. आमच्याकडं तसं नाही.

मोरगाव कऱ्हेकाठी, अष्टविनायकातलं पहिलं. देवळाच्या चार कोपऱ्यांना मिनार आहेत, आणि गणपतीसमोर नंदी बसलाय, हे दोन्ही नीट बघून घ्या. अभयारण्याचं नाव इथल्याच मयूरेश्वरावरून.

जेजुरीचा खंडोबा तर माळाचाच देव. म्हाळसा वाण्याची लेक आणि बाणाई धनगराची. बाणाईसाठी खंडोबा मेंढपाळ होऊन तिच्या बापाच्या वाड्यावर चाकरीला राहिला, मेंढरं राखली, अशी कथा वाघ्या-मुरळी जागरणात रात्र रात्र गातात. गडाच्या पायऱ्या चढताना अर्ध्यावर बाणाईचं देऊळ लागतं. म्हाळसा वर, देवाजवळ. बरेच भाविक घाईत बाणाईसमोरून पुढं निघून जातात, तसं करू नका. सुप्याच्या माळावर मेंढरं बघून आल्यावर तिच्यापुढं उभं राहिलं की ती गोष्ट वेगळीच कळते. देवाजवळ कुत्राही असतो, मेंढपाळाच्या देवाजवळ असायचाच.

परतीला भुलेश्वर करणार असाल तर दुपारच्या उन्हात करा, आत गारवा असतो. यादवकाळातलं शिवमंदिर, यवतजवळच्या डोंगरावर. भिंतींवरचं कोरीवकाम निवांत बघा, आणि स्त्रीरूपातला गणपती शोधा.

घोंगडी

नमस्कार. मी सुप्याच्या बाजूचा, जातीनं धनगर. आता नोकरीनिमित्त हडपसरला राहतो, पण चुलत्यांचा वाडा, म्हणजे मेंढरांसकट चालणारं बिऱ्हाड, अजून फिरतो. ताईंनी माणसांबद्दल लिहा म्हणलं म्हणून लिहितो.

आमच्याकडं बारामती म्हणलं की लोकांना ऊस आठवतो. पण तालुका दोन आहेत. नीरेच्या कालव्याखालची बागायत एक, आणि सुप्याकडची जिरायत दुसरी. इंग्रजांच्या काळात १८८५ ला नीरेचा डावा कालवा झाला, तवापासून ती बाजू भिजली. आमची बाजू पावसावर. खरिपाला बाजरी, रब्बीला ज्वारी, आणि बाकी मेंढरं.

दिवाळी झाली की वाडे निघतात, कोकणाच्या बाजूला. घोड्यावर बिऱ्हाड, कोंबड्या, लहान पोरं, पुढं मेंढरं, मागं कुत्री. रोज नवीन गाव. रात्री शेतात वाघर लावून मेंढरं बसवायची. वाघर म्हणजे जाळी. शेतकरी त्याबदल्यात धान्य नाहीतर पैसे देतो, कारण एका रातीत रानाला खत मिळतं. मिरगाच्या तोंडाला परत माळावर. म्हणजे तुम्ही पावसाळ्यात सुप्याला आलात तर आमचे लोक भेटतील, हिवाळ्यात आलात तर म्हातारी माणसं आणि थोडी मेंढरं.

लांडग्याचं विचाराल तर आमचं त्याच्याशी वैर पण आहे आणि नातं पण. कोकरू नेलं तर जीव तुटतो. पण माझा आजा म्हणायचा, त्याचा वाटा त्याला जाऊ दे, लांडगा फिरतो तो माळ जिता. सगळे धनगर असं म्हणतात असं मी म्हणणार नाही. लांडग्यानं मारलेल्या मेंढराची भरपाई सरकार देतं, पण पंचनामा होईपर्यंत वाडा दोन गावं पुढं गेलेला असतो. रात्री दोनला मेंढरू गेलं तर सकाळी थांबायचं कुणाच्या रानात? ही अडचण कुणी मांडत नाही म्हणून इथं मांडली.

आयटीवाला_पण_मातीतला

घोंगडीदादा, मनापासून आभार. एक शंका. अभयारण्यात आणि माळावर मेंढरं चरली तर चिंकाऱ्याला गवत उरत नाही असं वाचलंय. मग चराई पूर्ण बंद करणंच बरोबर नाही का?

घोंगडी

अभयारण्याच्या कुंपणात चराई बंदच आहे आणि ती असू द्या, माझी तक्रार नाही. कुठंतरी राखीव पाहिजेच. पण बाहेरचा माळ बघा ना. पूर्वी गायरानं होती, पड जमिनी होत्या. आता उपसा सिंचनाचं पाणी आलं तिथं ऊस, रस्त्याच्या कडेला प्लॉटिंग, काही ठिकाणी कारखाने. मेंढरं तेवढीच, माळ निम्मा. मग उरलेल्या तुकड्यावर ताण येणारच. तो मेंढरांचा दोष धरायचा का जमीन गेली त्याचा?

भोवत्या

घोंगडीदादांच्या बाजूनं एक जोडतो. धाविक, माळटिटवी, काही चंडोल हे चरलेल्या माळावरच नांदतात. आणि लांडगा तर महाराष्ट्रात पिढ्यान्पिढ्या बऱ्याच अंशी शेळ्या-मेंढ्यांवर जगत आलाय, बहुतेक राहतो संरक्षित क्षेत्रांच्या बाहेरच. देशात लांडगे साधारण ३१०० असल्याचा अभ्यासकांचा अंदाज आहे, म्हणजे वाघांपेक्षा कमीच. मेंढपाळ उठले तर लांडगाही टिकणार नाही. अति चराईनं माळ उजाड होतो हेही खरं. म्हणून फिरती चराई चांगली, एका जागी ठिय्या देऊन केलेली वाईट. वाडे फिरत राहिले पाहिजेत, त्यांना फिरायला वाटा राहिल्या पाहिजेत.

सोलापूरकडं नान्नजला माळढोकासाठी १९७९ साली अभयारण्य झालं. कागदावर संरक्षण होतं, पण भोवतालचा माळ शेतीखाली आणि बांधकामाखाली जात राहिला. आज तिथं माळढोक दिसणं जवळपास संपलंय. पाच चौरस किलोमीटरच्या कुंपणावर विसंबून सुप्याचा चिंकारा टिकेल असं मला वाटत नाही. तो आसपासच्या शेतांतून, पडीतून फिरतो. बाहेरचा माळ हेच त्याचं खरं घर.

काळीमाती

आणखी एक मोठं संकट कुत्र्यांचं आहे. वाड्यावरच्या राखणीच्या कुत्र्यांबद्दल बोलत नाही. हॉटेलांमागं, कोंबड्यांच्या शेडमागं टाकलेल्या कचऱ्यावर वाढलेल्या मोकाट टोळ्यांबद्दल बोलतोय. त्या चिंकाऱ्याच्या पाडसांना धरतात. रेबीज आणि डिस्टेंपर हे रोग त्यांच्याकडून लांडग्यांत, खोकडांत जातात. आणि पुणे जिल्ह्यात लांडगा-कुत्र्याचा संकर झाल्याचं जनुकीय तपासणीतून सिद्ध झालंय. लांडग्यांची संख्या घटली, जोडीदार मिळेना, की असं होतं. फिरायला येणाऱ्यानं उरलेलं जेवण माळावर फेकणं म्हणजे याला हातभार लावणं. उष्टं, खरकटं, कोंबडीची हाडं, सगळं पुण्याला परत न्या.

हिरवळताई, तुमच्या गटाला खरंच काही करायचं असेल तर गावच्या कुत्र्यांच्या लसीकरणाला ग्रामपंचायत आणि पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत मदत करा. त्याचा फोटो चांगला येत नाही, पण माळाला त्याची गरज आहे.

दोन_पिल्लांची_आई

आमची मुलं सात आणि दहा वर्षांची. तासभर गप्प बसणार नाहीत. चिंकारा दिसला नाही तर हिरमुसतील. त्यांच्यासाठी काय आहे?

माळवाट

खूप काही. चिंकाऱ्याचं नाव आधी घेऊच नका. पहाटे दवात गेलात तर गवतात कोळ्यांची नरसाळ्यासारखी जाळी चमकताना दिसतात, मुलं ती मोजत बसतात. लेंड्यांचे गोळे ढकलणारे शेणकिडे. हिवराच्या बुंध्याला वारूळ. पावसाच्या सुरुवातीला मृगाचे किडे, लाल मखमली. आणि एप्रिल-मेमध्ये पंखा-गळ्याचे सरडे. नर दगडावर चढून गळ्याखालची झालर उघडतो, निळी, काळी, केशरी. पुन्हा मिटतो, पुन्हा उघडतो. माझ्या भाचीनं वाघाच्या सफारीपेक्षा हा सरडा घरी जास्त वेळा सांगितला.

काळीमाती सरांचा कुसळाचा प्रयोग करायला पाण्याची बाटली न्या. कुसळं मोजे आणि लोकरी कपडे सोडत नाहीत. घट्ट विणीची जाड सुती पँट आणि घोट्यावरचे बूट घाला. चपला-सँडल नकोत, काटे आणि विंचू दोन्ही असतात. दगड उलटायचे नाहीत हे मुलांना घरूनच सांगा.

कॅमेरा_गळ्यात

लांडग्याची बीळं नक्की कुठल्या बाजूला आहेत? हिवाळ्यात पिल्लं असतात असं ऐकलं. लोकेशन कुणी टाकलं तर बरं होईल.

भोवत्या

मित्रा, ते कुणी टाकणार नाही, आणि कुणी टाकलं तर संपादकांना ते काढायला सांगेन. बिळापाशी माणसांचा वावर वाढला की मादी पिल्लांना तोंडात धरून दुसरीकडं हलवते. त्या हलवाहलवीत पिल्लं मरतात. बिळाची खबर पसरली की धूर करून पिल्लं मारल्याचे प्रकारही पूर्वी झाले आहेत. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं लांडगा आणि चिंकारा दोघांनाही संरक्षण आहे, बिळाशी छेडछाड हा गुन्हा आहे. तुम्हाला चांगले फोटो हवे असतील तर कडबनवाडीला रीतसर सफारी घ्या, गाडीतून उतरू नका, गाइडला जास्त जवळ घ्यायला सांगू नका. ड्रोन तर अजिबात नको, वरून सावली फिरली की जमिनीवरचे पक्षी अंडी सोडून उठतात.

कॅमेरा_गळ्यात

समजलं. सफारीच घेतो. बिळाचा प्रश्न मागे घेतो.

शिवडी_ते_शिवणे

जेवणाचं काय? की डबा न्यायचा?

कऱ्हाकाठ

मोरगावात साधं जेवण मिळतं. पण खरं सांगू का, आधी फोन करून गावातल्या एखाद्या घरी सांगून ठेवा. वनकर्मचारी किंवा गाइड ओळख करून देतात. बाजरीची भाकरी, मटकीची उसळ, ठेचा, थंडीत गेलात तर हुलग्याच्या शेंगोळ्या. हुलगा हे आमच्या जिरायती भागातलंच कडधान्य. दाम ठरवून द्या, आणि ती बाई जेवायला बसल्याशिवाय उठू नका. चार पैसे गावात राहिले तर माळ राखायला गावाचं मन होतं.

दोन_पिल्लांची_आई

घोंगडीदादा, तुमच्याकडची खरी घोंगडी कुठं मिळेल? जेजुरीत दुकानात बघितल्या, पण त्या हाताच्या वाटल्या नाहीत.

घोंगडी

ताई, मेंढरं आमची असली तरी घोंगडी विणतात सणगर. सूत आमच्या बायका कातायच्या. विणून झाली की चिंचोक्याची खळ देतात, म्हणून ती ताठ असते, पाणी झरून जातं. हाताला बोचली आणि चिंचोक्याचा वास आला तर खरी समजा. आता लोकरीला भाव इतका पडलाय की कातरणीची मजुरी सुटत नाही, बरेच लोक कातरलेली लोकर तिथंच टाकून देतात. काळी दख्खनी मेंढी कमी होत चाललीय, मटणासाठी दुसऱ्या जाती आणल्यात. कुणी हातची घोंगडी घेत असेल तर घासाघीस करू नका एवढीच विनंती.

आयटीवाला_पण_मातीतला

गजी ढोल, म्हणजे धनगरांच्या गजी नाचाचा ढोल, ऐकायला मिळेल का कुठं? मंचावरचा कार्यक्रम नको, गावातला.

घोंगडी

मिळेल. पुरंदर तालुक्यात वीर गावी श्रीनाथ म्हस्कोबाची यात्रा असते, माघ पौर्णिमेपासून दहा दिवस. लांबलांबच्या काठ्या-पालख्या येतात, ढोल असतो, गुलाल असतो. गर्दी फार, गाडी लांब लावून चालत जावं लागतं. आमच्या गावातल्या बिरोबाच्या देवळात दसऱ्याच्या सुमाराला गजी होते. रिंगण करून हातात रुमाल घेऊन म्हातारी माणसं नाचतात, ओव्या होतात. तिथं येणार असाल तर निरोपातून सांगा, चुलते त्या वेळी गावातच असतात, दिवाळीनंतर वाडा हलतो. पायताण रिंगणाच्या बाहेर काढायचं आणि मोबाईलचा दिवा कुणाच्या तोंडावर मारायचा नाही, बाकी पाहुण्याला कसली अट नाही.

माळवाट

घोंगडीदादा, माझं आणि आईचं नाव धरा. ती चौऱ्याहत्तरची आहे, चालते हळू, पण ओव्या तिला ऐकायच्यात. देवळापर्यंत गाडी येते का?

घोंगडी

येते ताई, पार दारात येते. शेवटचा अर्धा किलोमीटर कच्चा आहे, पाऊस उशिरापर्यंत राहिला तर चिखल असतो, तसं असलं तर मी रस्त्यावर ट्रॅक्टर घेऊन थांबतो. आजींना रात्री गारठा लागेल, स्वेटर आणा.